काउंट अंथरूण घालतो तेव्हा: भयकादंबरीत रोजच्या गोष्टींतून भीती कशी चढत जाते

भयकादंबरीबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते. पहिली पन्नास पानं नुसता प्रवास, जेवण, खोलीचं वर्णन, कोण किती वाजता उठला न कुठल्या गाडीने गेला, अरे पण भूत कधी येणार? मग लोक पानं उलटत पुढे जातात, जिथे रक्तबिक्त आहे तिथे थांबतात आणि म्हणतात, काही भीती नाही वाटली बुवा. वाटणारच नाही, कारण भीतीचं सगळं सामान त्या वगळलेल्या पानांत होतं.

हे नेमकं कसं घडतं ते नीट उलगडून सांगायचंय, आणि त्यासाठी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' घेतो. १८९७ सालची कादंबरी. ती जवळजवळ सगळ्यांना सिनेमांमुळे माहितेय, काळा झगा, सुळे, वटवाघूळ वगैरे, पण मूळ पुस्तक उघडलं तर पहिल्याच ओळींत काय सापडतं तर रेल्वेचं टायमिंग. ज्यांनी वाचली नाहीये त्यांना आधीच सांगतो की पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी येणार आहेत. माझ्या मते ही कादंबरी काय होणार ते माहीत असूनही घाबरवते, किंबहुना माहीत असेल तर जास्तच.

त्याआधी सस्पेन्सबद्दल थोडं. दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. दचकायला काही लागत नाही, मागून कोणी भॉक केलं तरी माणूस दचकतो आणि दोन सेकंदांत सावरतो. धास्ती मात्र वाचक स्वतः तयार करत असतो, लेखक फक्त त्याला हिशोब मांडायला आकडे देतो. आता भुताबद्दल आपल्याला कुणालाच पक्कं असं काही माहीत नसतं, त्यामुळे भुताने भिंतीतून हात काढला काय न छतातून काढला काय, वाचकाला त्यात चूक-बरोबर ठरवता येत नाही. पण दाढी कशी करतात, पाहुण्याला जेवायला कसं वाढतात, आजारी पोरीच्या खोलीत रात्री आई कशी डोकावून जाते, हे आपल्याला अगदी आतून माहीत असतं. तिथे सुईच्या टोकाइतका बदल झाला तरी खटकतं. रात्रभर चालू असलेला पंखा बंद पडला की झोपेतून जाग येते ना, तसंच. आवाज चालू होता तेव्हा लक्षही नव्हतं, थांबल्यावर कळलं. म्हणून लेखकाला आधी पंखा चालू ठेवावा लागतो, बऱ्याच पानांपर्यंत, आणि वाचकाला वाटतं की इथे काहीच घडत नाहीये.

आता 'ड्रॅक्युला'ची सुरुवात बघा. जोनाथन हार्कर नावाचा तरुण इंग्लिश वकील, एका सरदाराला लंडनजवळ घर विकत घ्यायचंय म्हणून कागदपत्रं घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाला निघालाय आणि डायरी लिहितोय. १ मे ला रात्री ८:३५ ला म्युनिक सोडलं, व्हिएन्नाला सकाळी ६:४६ ला पोचायला हवं होतं पण गाडी तासभर लेट. मग क्लाउझनबर्गच्या हॉटेलात मिरची घातलेली कोंबडी खाल्ली, चांगली होती पण तहान फार लागली, मिनासाठी रेसिपी घ्यायची, मिना म्हणजे त्याची होणारी बायको. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मक्याच्या पिठाची लापशी आणि भरलं वांगं, तीही रेसिपी घ्यायची. आणि एक निरीक्षण, की जसजसं पूर्वेकडे जावं तसतशा गाड्या जास्त लेट होतात, मग चीनमध्ये काय होत असेल!

वरवर हा प्रवासवर्णनाचा फापटपसारा आहे. पण या दोन-तीन पानांत दोन कामं उरकलीयेत. एक म्हणजे साक्षीदार पक्का झाला. जो माणूस गाडी मिनिटांत मोजतो, वांग्याची रेसिपी लिहून ठेवतो, तो उद्या म्हणाला की मी काउंटला भिंतीवरून पालीसारखं उलटं उतरताना पाहिलं, तर आपण त्याला वेडा म्हणू शकत नाही. दुसरं काम जास्त बारीक आहे आणि मला ते फार आवडतं. गाड्या लेट असतात हे आपल्या डोक्यात घट्ट बसवून झालं. आता पुढे काय होतं, तर हार्कर बिस्ट्रिट्झहून घोड्यांच्या डाकगाडीने बोर्गो खिंडीकडे निघतो, तिथे काउंटची बग्गी त्याला घ्यायला येणार असते. डाकगाडीवाला घोडे असे दामटतो की विचारू नका, खिंडीत पोचल्यावर घड्याळ बघून बाकीच्यांना हळूच काहीतरी म्हणतो, आणि हार्करला वाटतं की तो म्हणाला, वेळेच्या एक तास आधी. मग हार्करकडे वळून म्हणतो की बघा, बग्गी आलेलीच नाही, तुम्ही आमच्याबरोबर पुढे बुकोविनाला चला, उद्या-परवा परत या.

ज्या मुलखात प्रत्येक गाडी लेट त्या मुलखात ही एकच गाडी तासभर लवकर! का, तर त्या गरीब गाडीवाल्याला या परक्या पोराला वाचवायचंय. तेवढ्यात मागून बग्गी येतेच आणि तिचा सारथी म्हणतो, आज लवकर आलास मित्रा. अंगावर काटा येतो तो या एका वाक्याने. लांडगे ओरडतात, निळ्या ज्योती दिसतात, ते सगळं नंतर, आणि खरं सांगायचं तर ते एवढं लागत नाही. लवकर आलास हे लागतं, कारण वेळापत्रकाचा हिशोब आपण स्वतः करत होतो आणि उत्तर आपणच काढलं.

किल्ल्यात पोचल्यावर तर स्टोकरने कमालच केलीये. काउंट स्वतः दार उघडतो, सामान स्वतः उचलून वर नेतो, म्हणतो उशीर झालाय, नोकरमाणसं आता हजर नाहीत. टेबलावर जेवण मांडलेलं, भाजलेली कोंबडी, चीज, सॅलड, जुनी टोके वाइन. काउंट म्हणतो तुम्ही बसा, माझं आधीच झालंय. पाहुणचार अगदी चोख. दुसऱ्या दिवशी नाश्ता मांडलेला, सोबत चिठ्ठी की मला बाहेर जावं लागतंय. जेवण आटोपल्यावर हार्कर नोकरांना बोलवायला घंटी शोधतो तर घंटीच नाही. भांडी सोन्याची, पडदे उंची कापडाचे, पण एकाही खोलीत आरसा नाही. हार्कर याकडे कसं बघतो, तर अडचण म्हणून. दाढी करायची तर आपला छोटा आरसा बॅगेतून काढावा लागला, एवढंच. स्टोकर इथे विचित्र, गूढ, भयाण असल्या शब्दांचा मारा करत बसत नाही, तो प्रवाशाची गैरसोय लिहितो आणि पुढे जातो.

मग ती प्रसिद्ध सकाळ. हार्कर खिडकीला आरसा अडकवून दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, गुड मॉर्निंग. तो दचकतो, कारण आरशात अख्खी खोली दिसत होती आणि काउंट आत येताना दिसला नाही. वस्तऱ्याने थोडं कापलं जातं. वळून परत आरशात बघतो तर माणूस अगदी शेजारी उभा आणि आरशात फक्त आपण. हनुवटीवरून रक्त ओघळतंय, काउंटचे डोळे फिरतात, हात गळ्याकडे जातो, तो क्रॉसच्या माळेला लागतो आणि झटक्यात सगळं निवळतं. काउंट आरसा खिडकीबाहेर फेकतो, खाली अंगणात त्याचे हजार तुकडे होतात.

आणि यानंतर हार्कर डायरीत काय लिहितो? फार वैताग आहे, आता दाढी कशी करायची, घड्याळाच्या झाकणात बघून करावी लागेल किंवा दाढीच्या भांड्याच्या बुडात, नशीब ते धातूचं आहे.

कोणी म्हणेल हा माणूस मठ्ठ आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. खरंच आपल्यापुढे अशक्य काही घडलं तर आपण काय करू? तत्त्वचिंतन करणार नाही, रोजचं काम धरून ठेवू, कारण हात तिथे आपोआप जातो. घरात मृत्यू झाला तरी कोणीतरी दूध नासेल म्हणून तापवायला ठेवतंच. हार्करचं मन जे बघायला तयार नाही ते त्याने दाढीच्या भांड्याआड लपवलंय, आणि आपल्याला मात्र ते लख्ख दिसतंय. वाचक आणि पात्र यांच्यात पडलेलं हे अंतर, तोच सस्पेन्स. ते अंतर तयार करायला दाढीचं भांडं लागतं.

पण या कादंबरीतला सगळ्यात भीतिदायक प्रसंग विचाराल तर मी आरशाचाही सांगणार नाही. हार्करला आपण कैदी आहोत हे कळतं, सगळी दारं बंद आहेत, तो खोलीकडे परत येतो, आणि बघतो तर काउंट त्याचं अंथरूण घालतोय. नंतर दाराच्या फटीतून बघतो तर काउंट जेवणाचं टेबल मांडतोय. बास एवढंच. पलंगाची चादर ताणणारा एक म्हातारा सरदार.

आता हिशोब बघा कसा धडाधड सुटतो. तो स्वतः अंथरूण घालतो म्हणजे नोकर नाहीत. म्हणजे पहिल्या रात्रीपासून जेवण तोच मांडत होता. म्हणजे एवढ्या मोठ्या किल्ल्यात आपण आणि तो, तिसरं कोणी नाही. म्हणजे त्या रात्री बग्गी हाकणारा, हाताच्या नुसत्या इशाऱ्याने लांडग्यांना गप्प करणारा सारथीही तोच होता! आणि माझा दंड पकडून मला बग्गीत चढवणारी ती पोलादी पकडही त्याचीच. मागची सगळी पानं एका चादरीमुळे बदलतात. जेवण, नाश्ता, चिठ्ठी, नोकर आता हजर नाहीत हे सहज बोललेलं वाक्य, सगळं पुरावा होऊन उभं राहतं. यासाठी आधी ते जेवण पदार्थांसकट लिहावं लागलं होतं, नुसतं 'रात्री जेवलो' असं लिहिलं असतं तर परत येऊन धडकायला काही उरलंच नसतं.

आणखी एक. हार्करला एकदा काउंट सोफ्यावर पडून वाचताना दिसतो. काय वाचत असेल? मंत्रतंत्र? नाही हो, ब्रॅडशॉ, म्हणजे इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक. त्याच्या लायब्ररीत लंडनची डिरेक्टरी आहे, वकिलांची यादी आहे, पंचांग-वार्षिकं आहेत. पर्फ्लीटच्या, म्हणजे काउंट विकत घेणार त्या घराचे हार्करने कोडॅकने काढलेले फोटो आहेत, आणि कोडॅकचा कॅमेरा बाजारात आला तोच मुळी १८८८ ला, म्हणजे त्या वेळच्या वाचकाला ही एकदम आजची गोष्ट होती. चारशे वर्षांचं काहीतरी सोफ्यावर आडवं होऊन गाड्यांच्या वेळा पाठ करतंय, ही कल्पना मला सुळ्यांपेक्षा जास्त छळते. कारण तो येणार आहे, आणि आपण जातो त्याच गाडीने येणार आहे.

मग तारखा. काउंट अगदी गोड बोलून हार्करला तीन पत्रं लिहायला सांगतो, काय तर इकडच्या टपालाचा भरवसा नाही म्हणून आधीच लिहून ठेवूया. पहिल्यात काम संपत आलंय, दुसऱ्यात उद्या सकाळी निघतोय, तिसऱ्यात किल्ला सोडून बिस्ट्रिट्झला पोचलो. हार्कर विचारतो तारखा काय घालू? काउंट क्षणभर हिशोब करतो आणि सांगतो, १२ जून, १९ जून, २९ जून. धमकी नाही, शस्त्र नाही, पत्रावरच्या तीन तारखा, आणि हार्करला आपण कधी मरणार ते कळतं. यापुढे डायरीतली प्रत्येक तारीख वाचताना आपण २९ मधून वजा करत राहतो. घड्याळाची टिकटिक, वादळ, वीज असलं काही घालायची गरजच पडत नाही.

स्टोकरला हे इतकं का जमलं असावं याचं एक कारण त्याच्या आयुष्यात दिसतं असं मला वाटतं. १८४७ ला डब्लिनमध्ये जन्म, तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी, आणि १८७९ ला त्याचं एक पुस्तक निघालं ते आयर्लंडच्या छोट्या कोर्टांतल्या कारकुनांनी कामं कशी करायची याचं. नंतर लंडनला लायसियम थिएटरचा व्यवस्थापक म्हणून वर्षानुवर्षं पत्रव्यवहार, हिशोब, दौरे. म्हणजे नोंदी, पावत्या, वेळा यांतच बुडालेला माणूस. ट्रान्सिल्व्हेनियाला तो कधी गेलाच नाही, पुस्तकांवरून टिपणं काढली. इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदराच्या गावी मात्र १८९० च्या उन्हाळ्यात जाऊन राहिला आणि तिथे थडग्यांवरची नावं टिपली, १८८५ ला तिथे आपटलेल्या एका रशियन जहाजाची माहिती घेतली. त्याची ही टिपणं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेली आहेत.

तर व्हिटबी. इथे तपशिलाचा अजून एक उपयोग दिसतो, जो मला सगळ्यात क्रूर वाटतो. मिना आणि तिची मैत्रीण लूसी तिथे सुट्टीला आल्यात. लूसीला झोपेत चालायची सवय. एका रात्री मिनाला जाग येते तर लूसी अंथरुणात नाही, ही धावत सुटते, टेकडीवरच्या चर्चच्या आवारात लूसी बाकावर पडलेली आणि तिच्यावर वाकलेलं काहीतरी काळं. जवळ जाईपर्यंत तिथे कोणी नाही. मिना तिला शाल गुंडाळते, थंडी वाजू नये म्हणून गळ्याशी मोठ्या सेफ्टी पिनने नीट अडकवते, आपले बूट तिच्या पायात घालते, आणि मग स्वतःच्या अनवाणी पायांना चिखल फासते, रस्त्यात कोणी भेटलं तर आपले अनवाणी पाय त्याच्या लक्षात येऊ नयेत म्हणून. केवढी माया आहे यात! आणि दुसऱ्या दिवशी मिना डायरीत खंत करते की घाईत माझ्या हातून लूसीला पिन टोचली असणार, गळ्याशी दोन बारीक लाल टिपके दिसतायत आणि कपड्यावर रक्ताचा थेंब.

आपण तोवर किल्ल्यातून आलेलो असतो. आपल्याला ते दोन टिपके कसले ते ठाऊक आहे. पण मिनाकडे असलेलं स्पष्टीकरण इतकं साधं, इतकं पटण्यासारखं आहे की तिला दोष देता येत नाही. हे लक्षात घ्या, की इथे राक्षसाला लपवणारी वस्तू सेफ्टी पिन आहे, अंधार किंवा धुकं नाही. अंधारात बघितलं तर काहीतरी दिसेल अशी आशा तरी असते, पण ज्या गोष्टीचं साधं उत्तर आधीच मिळालंय तिच्याकडे कोण परत बघणार?

पुढे लूसी खंगत जाते. व्हॅन हेल्सिंग हा डच डॉक्टर हार्लेमहून लसणाची फुलं मागवतो, खिडक्या-दारांना चोळतो, तिच्या गळ्यात माळ घालतो, खिडकी उघडायची नाही असं बजावतो. तिच्या आईला मात्र काही सांगत नाहीत, कारण तिचं हृदय कमजोर आहे, धक्का सोसणार नाही. सकाळी डॉक्टर येतात तर आई खुशीत. म्हणते रात्री काळजी वाटली म्हणून डोकावले, पोर गाढ झोपली होती, पण खोलीत कसली ती उग्र वासाची फुलं, गळ्यात पण, अशक्त जिवाला त्रास होईल म्हणून मीच सगळी उचलून टाकली आणि जरा हवा यावी म्हणून खिडकी थोडी उघडली. आता बघा, तब्येत छान वाटेल तुम्हाला! असं म्हणून ती नाश्त्याला निघून जाते. आणि इतका वेळ चेहरा सांभाळून उभा असलेला व्हॅन हेल्सिंग आत जाऊन अक्षरशः ढसाढसा रडतो.

मी हा भाग परत परत वाचलाय आणि दरवेळी वाटतं की आई गं, नको. कोणती आई हे करणार नाही? आजाऱ्याच्या खोलीत हवा खेळती हवी हे आपल्या घरातही सांगतात. काउंटला काहीही करावं लागलं नाही, त्या घरातली माया आणि शहाणपण यांनीच त्याचं काम केलं. खलनायक घरात घुसतो तेव्हा भीती वाटते खरी, पण घरच्यांचं नेहमीचं चांगलं वागणंच त्याला वाट करून देतं तेव्हा वाचकाला धरायला काहीच उरत नाही, कारण यात कोणी काय वेगळं करायला हवं होतं ते सांगता येत नाही.

तसंच तारेचं. व्हॅन हेल्सिंग लूसीवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला, सीवर्डला, तार करतो की आज रात्री लूसीच्या घरी थांबाच. तारेत पत्ता कार्फॅक्स, पण जिल्हा लिहायचा राहिला, म्हणून तार ससेक्समधल्या दुसऱ्याच कार्फॅक्सला गेली आणि २२ तास उशिरा मिळाली. एका न लिहिलेल्या शब्दाने ती रात्र राखणीविना गेली. आणि काउंटचं सामान मात्र कसं येतं? मातीने भरलेले ५० पेटारे, व्हिटबीच्या वकिलाचं पत्र, मालगाडी रात्री ९:३० ला निघणार, किंग्ज क्रॉसला दुसऱ्या दिवशी दुपारी ४:३० ला, सोबत दहा पौंडांचा चेक, आणि गाडीवाल्या कंपनीचं उत्तर की माल पोचवला, जास्तीचे एक पौंड १७ शिलिंग ९ पेन्स परत पाठवत आहोत. पेन्सचा हिशोब चोख! सज्जनांची तार चुकते आणि त्याचा माल वेळेत पोचतो, शिवाय वरचे पैसेही परत. यंत्रणेला कोण चांगलं कोण वाईट ते कळत नाही, पत्ता पूर्ण आहे की नाही एवढंच कळतं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर अनुभवलेली असते, म्हणून ती पटते.

आता कादंबरीची कमजोर बाजू, कारण तिच्यावरून हाच मुद्दा उलट बाजूने कळतो. दुसऱ्या अर्ध्यात व्हॅन हेल्सिंग लांबलचक भाषणं देतो, देव, कर्तव्य, मानवजात, पानंच्या पानं, आणि तिथे भीती सरळ बसते. काउंट तर फारसा समोर येतच नाही. पण न येणं हे कारण नव्हे, पहिल्या भागातही लूसीच्या घरी तो कुठे धड दिसतो. फरक असा की भाषण करणाऱ्या माणसांच्या हातात काही काम नसतं. आणि त्याच भागात एक हमाल येतो, पेट्या वाहणारा, पैसे कबूल केले की बोलतो, आणि सांगतो की तिथे एक म्हातारा होता पांढऱ्या मिशीचा, त्याने पेटीची आपली बाजू चहाची पुडी उचलावी तशी उचलली आणि मी इकडे धापा टाकतोय! लगेच परत अंगावर शहारा. ओझं किती असतं हे हमालाला पाठीने माहीत असतं, म्हणून त्याचं वाक्य कुठल्याही भाषणाला भारी पडतं. शेवटी शेवटी मिनाही अशीच कामाला येते, तिने गाड्यांच्या वेळा आधीच पाठ केल्यात, पाठलाग करताना पुढची गाडी कधी असं कोणी विचारलं की ती ताबडतोब सांगते, उद्या सकाळी ६:३०. काउंट जे सोफ्यावर पडून शिकला तेच तिने शिकून घेतलं, आणि कथेला परत वेग येतो.

आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठे झालेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. धारपांची माणसं बहुतेकदा साधी नोकरदार, घरसंसारवाली, आणि मतकरींच्या गूढकथेत दिवाणखान्यातल्या बोलण्यातूनच काहीतरी सरकायला लागतं. ओसाड वाडा आणि अमावास्या यांच्यावर दोघांचंही अडत नाही.

पण म्हणून कुठलाही तपशील घातला की झालं असं नाही, आणि हल्ली नव्या भयकथांत हा गोंधळ मला बराच दिसतो. भिंतीचा रंग, साडीचा पोत, मोबाइलचं मॉडेल, गाडी कुठल्या कंपनीची, हे सगळं भरून ठेवतात आणि वाचक कंटाळतो. याचं कारण असं की यातल्या कशाचंच पुढे काही बिघडू शकत नाही. निळी भिंत निळीच राहणार. उपयोगी तपशील तो, जो माणूस रोज करतो, आणि ज्याला संख्या असते किंवा वेळ असते किंवा क्रम असतो, म्हणजे मग तो चुकू शकतो. गाडीची वेळ, जेवणाची पानं, रात्री लावायची कडी, औषधाच्या गोळ्या.

एक उदाहरण करून बघूया. समजा घरात तिघं, आई-बाबा आणि कॉलेजात जाणारा मुलगा, नवीन भाड्याच्या घरात आलेत. लेखक लिहितो, 'त्या घरात कोणीतरी अदृश्य वावरत असल्याचा भयंकर भास सगळ्यांना होत होता.' काही वाटलं का? मला तरी नाही. आता असं करा. पहिल्या रात्री आई ताटं घेते, तीन, वरण-भात, भाजी, पापड मोजून तीन, मुलगा म्हणतो मला दोन हवेत, ती म्हणते उद्या. हे सगळं सावकाश लिहा. चार-पाच पानांनी एका संध्याकाळी आई बोलता बोलता चार ताटं घेते, बघते, एक परत फडताळात ठेवते, विषय बदलत नाही, गप्पा चालूच. मग मध्ये दुसरंच काही येऊ द्या, मुलाची परीक्षा, घरमालकाचा फोन. मग एका दिवशी बाबा ऑफिसातून येताना वडापाव आणतात, चार. पुडा सोडल्यावर क्षणभर कोणी काही बोलत नाही, मग मुलगा म्हणतो बरं झालं, मला दोन हवेच होते. आणि त्यानंतर एका रात्री आई पानं घेते, चार, आणि कोणीच काही म्हणत नाही.

यात विचित्र, भयाण, अदृश्य हे शब्द कुठेच नाहीत. भीती वाटत असेल तर ती वाचकाने मोजल्यामुळे, आणि मुलाच्या त्या पापडामुळे, कारण त्याच्या बोलण्यात पिनसारखं एक साधं उत्तर तयार होतं ज्यावर घरच्यांना विश्वास ठेवता आला. घाई केली, दुसऱ्याच पानावर चार ताटं आणली, तर सगळं फुकट, कारण तोवर तीनची सवयच लागलेली नसते. आणि तिसऱ्या वेळेला आईच्या तोंडी किंचाळी घातली तरी फुकट, कारण मग वाचकाच्या वाटचं काम पात्राने करून टाकलं. लिहिताना मात्र एक पथ्य पाळावं लागतं. चौथ्या ताटात त्या रात्री काय वाढलं, किती संपलं आणि सकाळी ते कोणी घासलं, हे लेखकाला नक्की ठाऊक हवं, पानावर आलं नाही तरी, कारण वाचक सगळ्यात आधी तेच शोधणार आहे.